सोसेल तेवढीच उष्णता

प्रिंटरचं मागचं झाकण उघडलं तरी आत अडकलेला कागद बाहेर यायला तयार नव्हता. जखमेवरची पट्टी सोडवावी तसा प्रशिकने तो दोन्ही हातांनी हळूहळू सोडवला. कागद हातात आला तो गरम होता आणि पापडासारखा फुगला होता. काठ तपकिरी झाले होते, आणि मधोमध जिथे नागपूरच्या सीताबर्डीचे रस्ते असायला हवे होते, तिथे नुसते फोड उठले होते. शेजारी त्याची मोठी बहीण मोनाली हात पुढे करून उभी होती. तिला जन्मापासून दिसत नाही. याच अंधशाळेत ती भूगोल शिकवते, आणि हा नकाशा तिच्या वर्गातल्या मुलींसाठी होता. "दे इकडे," ती म्हणाली. "गरम आहे ताई." "राहू दे गरम." तिने कागद टेबलावर पसरला, दोन्ही हातांची बोटं एकदा वरून खाली नेली, एकदा डावीकडून उजवीकडे. मग हात उचलून घेतले. "सगळंच वर आलं गा," ती म्हणाली. "सगळंच वर आलं म्हणजे काहीच नाही आलं."

हा कागद वेगळा असतो. दिसायला साधाच, थोडा जाड, हाताला दुधाच्या सायीसारखा मऊ. त्यावर काळ्या रेषांचं चित्र छापायचं आणि मग तो एका दिव्याच्या पेटीखालून सरकवायचा. काळा रंग उष्णता ओढून घेतो आणि जिथे काळं आहे तेवढाच कागद फुगून वर येतो. मग बोटांना रेषा कळते. पण दिव्यापर्यंत पोचायच्या आधी प्रिंटरमधून जावं लागतं, आणि प्रिंटरच्या पोटातही शाई पक्की बसवायला एक तापलेला रूळ असतो. त्या रुळाखाली कागद आधीच सगळा फुगला आणि तिथेच चिकटून बसला. शाळेच्या मुख्याध्यापिका येऊन पाहून गेल्या. रागावल्या नाहीत. "मशीन सगळ्या शाळेचं आहे, मोनाली मॅडम," एवढंच म्हणाल्या. "हा कागद आता याच्यात नको." त्या गेल्यावर मोनालीने फुगलेला कागद पुन्हा जवळ ओढला आणि त्यावर नुसता हात ठेवून बसली, ताप आलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवतात तसा. प्रशिक प्रिंटरच्या छोट्या पडद्याकडे पाहत होता. त्यावर अजून तोच प्रश्न उभा होता, कोणता कागद? खाली उत्तरं होती: साधा, जाड, लेबल, पाकीट, इतर. छापणाऱ्याने जाड निवडलं होतं. कागद जाडच होता. जाड कागदाला शाई धरायला जास्त उष्णता लागते, म्हणून यंत्राने ती दिली. कुणाचंही काही चुकलं नव्हतं. विचारणाऱ्याने नीट विचारलं, सांगणाऱ्याने खरं सांगितलं, ऐकणाऱ्याने ऐकलं, आणि तरी कागदावरचं गाव जळालं. त्याने तो पडदा पुन्हा वाचला, कारण तो प्रश्न आणि त्याखालची उत्तरं हेच त्याचं काम होतं.

इंदोरा चौकातून मेट्रोने खापरीला जाताना त्याला रोज वाटायचं, की आपलं काम गर्दीत शेजारच्या माणसाला सांगता येण्यासारखं नाही. जगात प्रिंटर करणाऱ्या कंपन्या अनेक. प्रत्येकीची कागदांना वेगळी नावं, प्रत्येकीच्या यंत्राचे वेगळे गुण. एकजण दोन्ही बाजूंनी छापतो, एकजण टाचतो, एकजण भोकं पाडतो, आणि जो तो ते आपापल्या बोलीत सांगतो. प्रशिकच्या कार्यालयात या सगळ्यांसाठी एक सामाईक वर्णन रचलं जायचं. कागद म्हणजे काय, किती लांब, किती रुंद, किती वजनाचा, चकचकीत की खरखरीत. यंत्र म्हणजे काय, त्याला काय येतं, काय येत नाही. असं वर्णन, की कुठल्याही देशातल्या संगणकाने कुठल्याही देशातल्या यंत्राला विचारावं, "तू कोण, तुझ्याजवळ काय आहे?" आणि त्या यंत्राने निमूट खरं सांगावं. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला होता. एकमेकांना कधी न पाहिलेल्या माणसांनी घडवलेल्या वस्तू एकमेकींना ओळखतात, आणि ती ओळख कुठेतरी कुणीतरी बसून शब्दाशब्दाने ठरवलेली असते. आई, सिंधूताई, त्याला विचारायची, "तू करतो काय रे बाबू तिथं दिवसभर?" तो सांगायला लागला की ती मान डोलवायची आणि मध्येच भाजी ढवळायला उठायची. मोनालीला मात्र एका वाक्यात कळलं होतं. "म्हणजे तू मशीनसाठी तेच करून राहिला," ती म्हणाली होती, "जे माझ्यासाठी करत होता."

ते खरंच होतं. तो बोलायला लागला तेव्हापासून तो तिच्यासाठी पाहत आला होता. घराच्या ओट्यावर दोघं बसायची, आणि ती विचारायची, ढग कसा असते? तो म्हणायचा, कापसासारखा. मग ती म्हणायची, कापूस त हातात येते, ढग काहून येत नाही? तो दुसरं काहीतरी सांगायचा, धूर, फेस, साय, आणि ती प्रत्येक शब्द हातात घेऊन दाबून पाहावा तसा पाहायची आणि टाकून द्यायची. एकदा चिडून म्हणाली, "नाव नको सांगू मले. नावं आई पण सांगते. ते काय करते ते सांग." तेव्हा तो खूप वेळ वर पाहत राहिला होता, आणि मग म्हणाला होता, तो उन्हाच्या समोर येऊन उभा राहते, मग तुझ्या हातावरचं ऊन जाते, मग तो निघून जाते आणि ऊन परत येते. मोनालीने तळहात पुढे धरला होता. थोड्या वेळाने ऊन गेलं. तिचं तोंड उघडंच राहिलं. "आला," ती हळूच म्हणाली होती, घरात कुणी मोठं माणूस आल्यासारखं. वडील, बळीराम, सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत होते आणि सुट्टीला घरी यायचे. ते तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, "खाली मी पण हातानंच पाहतो वं माय." आणि एका वर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर, पांढऱ्या कपड्यांतल्या त्या न संपणाऱ्या गर्दीत, मोनालीने आईला विचारलं होतं, स्तूप किती मोठा आहे? आईने तिला मोठा, खूप मोठा, असं काही सांगितलं नाही. गर्दी ओसरू दिली आणि तिचा हात कडेच्या दगडाला लावून दिला. "चाल," म्हणाली. मोनाली चालायला लागली, हात दगडावर, मागून आई, मागून तो. दगड कुठे उन्हाने तापलेला, कुठे सावलीत गार. चालता चालता तिची पावलं मंद होत गेली, चेहरा गंभीर होत गेला, आणि पूर्ण फेरी होऊन आई थांब म्हणाली तेव्हा ती थांबली. मग घरी येताना बसमध्ये एकदम म्हणाली, "भल्ला मोठा आहे." मोठा हा शब्द त्या दिवशी प्रशिकलाही पहिल्यांदाच कळला.

तो जळका कागद त्याने पिशवीत घालून कार्यालयात नेला आणि अनंत सरांच्या टेबलावर ठेवला. अनंत त्यांच्या गटाचे प्रमुख. नागपूरच्या जुन्या महाल भागात वाढलेले, निवृत्तीला आलेले, मृदू बोलणारे गृहस्थ. सामाईक वर्णनाचा नवा मसुदा त्यांच्याच हातात होता, आणि बदल सुचवायची मुदत सरत आली होती. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला, त्याचा वास घेतला. "हे इतरमध्ये टाकता येणार नाही का?" त्यांनी विचारलं.

"इतर म्हटलं की यंत्राला काहीच कळत नाही सर. ते साध्यासारखं वागतं. साधंही याला फार गरम होतं."

"बरं. मग यादीत एक नाव वाढवायचं. फुगणारा कागद." ते थोडं थांबले. "तुझ्या बहिणीसाठी मला हे करायला आवडेल, प्रशिक, खोटं नाही सांगत. पण उद्या कुणी हातकागद घेऊन येईल, परवा कुणी रेशमावर छापायचं म्हणेल. ज्याला त्याला नाव देत बसलो तर आपला शब्दकोश होईल, सामाईक वर्णन नाही राहणार. छोट्या कंपन्या मग ते वापरणारच नाहीत. ज्यात सगळं आहे असं वर्णन कुणाच्याच कामाचं नसतं."

प्रशिकने मान डोलवली, कारण ते खरं होतं. सगळंच वर आलं म्हणजे काहीच नाही आलं. हेच तर बहीण म्हणाली होती. तो आपल्या जागेवर येऊन बसला. समोर पडद्यावर कागदांच्या प्रकारांची यादी होती आणि यादीच्या तळाशी इतर. या शब्दाचा त्याला पहिल्यापासून एक अस्पष्ट त्रास व्हायचा, अंगात घातलेल्या सदऱ्याची शिवण टोचावी तसा. ज्यांना कुणी काही विचारलं नाही त्यांची ती खोली होती. दार उघडं, आत यायला कुणाची ना नाही, पण आत गेल्यावर तुम्ही कोण हे कुणाला कळायची सोय नाही. तो यादी वर-खाली सरकवत राहिला. साधा, जाड, लेबल, पाकीट. नावं, नुसती नावं. नाव नको सांगू मले. खिडकीबाहेर मिहान औद्योगिक वसाहतीच्या मोकळ्या माळावर दुपारचं ऊन भरून राहिलं होतं, आणि कुठल्यातरी इमारतीच्या काचेवरून परतलेला एक तुकडा त्याच्या मनगटावर पडला होता. तिथली कातडी तापली होती. त्याने हात मागे घेतला. हात किती सोसेल हे हाताने सांगितलं होतं. त्यासाठी हाताला नाव लागलं नव्हतं. तो तसाच बसून राहिला, आणि एखाद्या ओळखीच्या खोलीत आजवर न दिसलेलं दार दिसावं तसं त्याला वाटलं. एका कागदाला नाव द्यायचंच नाही. सगळ्या कागदांना एक प्रश्न विचारायचा. लांबी किती, रुंदी किती, वजन किती, तसंच आणखी एक: तू किती उष्णता सोसशील?

हे त्याने अनंत सरांना सांगितलं तेव्हा ते ऐकताना पेनाचं टोपण लावत होते, ते अर्धवट हातातच राहिलं. "सगळ्यांना विचारायचं?" "हो सर. साध्यालाही. साधा सांगेल, पुष्कळ. हा सांगेल, थोडी. यंत्राने त्याप्रमाणे वागायचं." सरांनी टोपण लावून पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाले, "हे आपण पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं." आणि लगेच मान हलवून हसले. "पण मला पटून भागत नाही. त्यांना पटायला हवं."

ते म्हणजे पडद्यावरच्या चौकोनांतली, वेगवेगळ्या प्रिंटर कंपन्यांची माणसं. बैठक भरली तेव्हा कुणाकडे सकाळ होती, कुणाकडे दिवे लागले होते. प्रशिकने फुगलेला कागद कॅमेऱ्यासमोर धरला, ते काय आहे ते सांगितलं आणि आपला प्रश्न मांडला. असे कागद वर्षाला किती खपतात, असं एकाने सरळ विचारलं. फार थोडे, प्रशिक म्हणाला. विचारणाऱ्याने ते टिपून घेतलं. त्याचे कान तापले. घशाशी वाक्यं येत होती, बहिणीची, शाळेची, आणि ती बोलायची नाहीत हे त्याला कळत होतं. दयेने जोडलेला शब्द पुढच्या मसुद्यात कुणीतरी काढून टाकतो. तेवढ्यात कोपऱ्यातल्या चौकोनातली एक बाई बोलली. दुसऱ्या एका कंपनीची, आजवर कुठल्याच बैठकीत न बोललेली. ती म्हणाली, आमच्याकडे लेबलांचा गोंद वितळून यंत्रात जातो, त्या लेबलांनाही हाच प्रश्न विचारता येईल. मग कुणी म्हणालं, पाकिटांना पारदर्शक खिडकी असते, ती आक्रसते. कुणी म्हणालं, रुग्णाच्या मनगटाला बांधायच्या पट्ट्या वाकड्या होतात. एकेकजण सांगत गेला. जणू प्रत्येकाने आपल्या टेबलाच्या खणात एक जळका कागद ठेवला होता आणि आजवर त्याला वाटत होतं की तो आपल्या एकट्याचाच आहे. प्रशिक ऐकत राहिला. ती परकी, थोडी थकलेली तोंडं त्याला एकाएकी फार जवळची वाटली. आपण एका कागदासाठी आलो होतो, आणि त्याच्यामागे हे एवढे उभे होते. अनंत सरांनी टेबलाखालून त्याच्या गुडघ्यावर हलकेच थाप मारली.

प्रश्न मसुद्यात गेला. मग तो यंत्रांत जायला वेळ लागला. पावसाळा गेला, संत्र्यांचा मोसम आला. कधी मेट्रोत उभा असताना प्रशिकला वाटायचं, आता या क्षणी कुठल्यातरी न पाहिलेल्या शहरात एक यंत्र एका कागदाला विचारत असेल, तू किती सोसशील? विचारून झाल्यावर आपली धग कमी करून घेत असेल. कुणाला पत्ताही नसेल. या विचाराने त्याला इतकं भरून यायचं की तो बाहेर पाहायला लागायचा, आणि खाली पसरलेलं नागपूर, छपरं, टाक्या, वाळत घातलेले कपडे, त्याला थोडा वेळ अनोळखी दिसायचं. पण त्याच्यामागून एक भीतीही यायची, आणि ती त्याने कुणाला सांगितली नाही. ताईचं शहर आजवर त्याच्या शब्दांचं होतं. कुठला रस्ता कुठे वळतो, काय कशाच्या जवळ आहे, हे तिने त्याच्याकडून घेतलं होतं आणि त्यावर एक अख्खं गाव बांधून त्यात ती राहत होती. आता कागद बोलणार होता. त्याचं आणि कागदाचं जुळलं नाही तर ती कुठे राहील?

शाळेत जुन्या प्रिंटरच्या जागी दुसऱ्या कंपनीचा आला होता, आणि नवं वर्णन त्याला येत होतं. मुख्याध्यापिका एकदाच करून पाहू म्हणाल्या आणि दाराशी हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. मोनालीने यावेळी सीताबर्डी मागितलं नव्हतं. तिला नाग नदी हवी होती, शहरातून जाते तेवढी. "पोरींना शिकवून राहिली मी, नागपूर नदीच्या नावावरून. अन् नदी कशी ते मलेच माहीत नाही." प्रशिकने कागद खणात ठेवला आणि त्याच्या वर्णनात, किती उष्णता सोसेल या प्रश्नापुढे, थोडी असं भरलं. पडद्यावर ओळ उमटली: हा कागद उष्णता सोसत नाही, हळू आणि कमी तापमानावर छापत आहे. तो ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिला. यंत्र खरंच हळू चाललं होतं. त्याचा आवाजही खाली आला होता, झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालताना आपण वावरतो तसा. कागद बाहेर आला तो सपाट. मोनालीने तो उचलून गालाला लावला. "थंड आहे," ती म्हणाली. मग तिनेच तो दिव्याच्या पेटीखालून सरकवला, आणि प्रशिकच्या डोळ्यांदेखत पांढऱ्या कागदावरची काळी रेघ जागी झाली. थंडीत अंगावर काटा यावा तशी ती उठत गेली, डाव्या कडेपासून वळत वळत उजवीकडे. दाराशी मुख्याध्यापिकांच्या हातांची घडी सुटली. "अगं बाई," त्या म्हणाल्या.

मोनालीने कागद टेबलावर ठेवला. डावीकडे टिंबांचा खरखरीत पट्टा होता, तो अंबाझरी तलाव. तिथे तिचं बोट थांबलं, मग रेघ सापडली, मग ते चालायला लागलं. प्रशिक श्वास धरून होता. "वळली," ती म्हणाली. "इथं काय आहे?" "तिथं धंतोलीचा पूल." बोट जागीच थांबलं. "त्या पुलावर मी नाकाले पदर लावते. तो वास हिचाच?" "हाव." "मले वाटे तो नाला वेगळा अन् नदी वेगळी." "नाही ताई, एकच." बोट पुन्हा निघालं, आणखी सावकाश, आता ते कुणाच्या तरी अंगावरून फिरत असल्यासारखं. "तू म्हणे, सापासारखी जाते," ती म्हणाली. "मले साप पण माहीत नव्हता अन् नदी पण माहीत नव्हती. मी म्हटलं, असेल." आणि हसली. "आता साप पण समजला." तिचं गाव मोडलं नव्हतं. त्याच्या शब्दांच्या घराला तिने नुसती एक खिडकी पाडून घेतली होती, आणि आता ती त्याच्या पुढे, त्याला न विचारता, वळणावळणाने चालली होती. महालाच्या बाजूने, नंदनवनच्या खालून, पारडीकडे. तिचा चेहरा खाली झुकलेला, ओठ किंचित उघडे. असा चेहरा त्याने देवळात, विहारात, कुठेच कुणाचा पाहिला नव्हता.

रेघ कागदाच्या उजव्या काठाशी आली आणि संपली. "पुढे?"

"पुढे कागद संपला ताई."

"कागद संपला गा. नदी कुठं संपली?"

"नाही. कुहीकडे जाते. तिकडे कन्हानले मिळते. मग वैनगंगेले. मग..." तो थांबला. त्याने शहरापुरतंच छापलं होतं.

मोनालीने मान हलवली. तिचं बोट काठावर क्षणभर टेकलं, आणि मग ते कागदावरून उतरलं आणि टेबलाच्या लाकडावर चालायला लागलं, तितकंच सावकाश, थोडं खाली, मग थोडं वर, वाटेत काही लागलं तर त्याला वळसा घ्यायच्या तयारीने. प्रशिकने हात लांब करून समोरचा चहाचा पेला उचलला आणि तिची वाट मोकळी केली.